सरकारी वकील नेमका कुणाचा?

ज्यांना ४० मिनिटं ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी जवळजवळ तसंच आहे. फोनवर वाचणाऱ्यांनो, आज थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. माझ्या एका काकांची धुऱ्यावरून मारामारी झाली होती. ताडकळसच्या आसपास ज्यांची शेती आहे त्यांना धुरा म्हणजे काय ते सांगायला नको. ट्रॅक्टरच्या एका फाळाएवढी जमीन इकडची तिकडे झाली की दोन घरांचं वीस वर्षांचं बोलणं बंद. काकांच्या डोक्याला टाके पडले, फिर्याद झाली, चार्जशीट गेली आणि मग सुरू झाल्या तारखा. काका फिर्यादी. समोरच्या पार्टीने चांगला वकील लावला. काकांना सगळ्यांनी सांगितलं, तुम्हाला वकील लावायची गरजच नाही, तुमच्या बाजूने सरकारी वकील आहे.

जबानीच्या दिवशी सकाळी साडेअकराला काकांचा मला पुण्यात फोन. मी स्टँडअप कॉलमध्ये होतो, म्यूट करून उचलला. काका हळू आवाजात म्हणतात, "अरे, आपला वकील कोणता हाय रे? हितं सगळेच काळ्या कोटात हायेत."

मी हसलो. मग लक्षात आलं की केस चालू होऊन काही वर्षं झाली होती, आणि ज्या माणसाने काकांची बाजू मांडायची, त्याचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. शेवटी भेट झाली, व्हरांड्यात, पाच मिनिटं. वकील माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी त्याच्या हातात फाइलींचा एवढा गठ्ठा होता की काकांचं नाव त्याला फाइल उघडूनच वाचावं लागलं. कोर्ट कुठलं ते सांगत नाही, कारण हा अनुभव कुठल्याही तालुक्यात येतो.

त्या दिवशी काकांना मी जे समजावून सांगू शकलो नाही, ते आज सांगायचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट: सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नसतोच. फौजदारी केसचं नाव बघा, "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक". गुन्हा काकांच्या डोक्यावर घडला, पण कायद्याच्या हिशेबाने तो समाजाविरुद्ध घडला, म्हणून लढणार राज्य. काका त्या केसमध्ये एक साक्षीदार, पहिल्या नंबरचा, पण साक्षीदारच. केस कशी चालवायची, कुठला साक्षीदार तपासायचा, कुठला सोडायचा, हे सरकारी वकील ठरवतो. केस मागे घ्यायची असेल तर तसा अर्जही तोच करतो, आणि कोर्टाने परवानगी दिली तर केस संपते.

दुसरी गोष्ट: सरकारी वकील एका प्रकारचे नसतात. तालुक्याच्या कोर्टात, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, सहायक सरकारी अभियोक्ता असतो. हा पगारी अधिकारी, एमपीएससीची परीक्षा देऊन आलेला. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, जिथं खून, बलात्कार, दरोडा चालतो, तिथला जिल्हा सरकारी वकील मात्र बहुतेक वेळा प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलांतून सरकारने ठरावीक मुदतीसाठी नेमलेला असतो. आणि तिसरा, ज्याचं नाव टीव्हीवर येतं, तो विशेष सरकारी वकील, एखाद्याच केससाठी नेमलेला.

आता मागच्या भागानंतर आलेला प्रश्न. जिंतूरकडच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली: "दादा, अमेरिकेच्या सिरियलमध्ये तो डीए असतो, त्याला लोक मतदान करतात म्हणे. आपल्याकडं का नाही?"

प्रश्न भारी आहे. अमेरिकेत खरंच बहुतेक राज्यांत जिल्हा पातळीवरचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांनी निवडून येतो. पोस्टर लागतात, प्रचार होतो, वादविवाद होतात. कुणावर खटला भरायचा, कुठलं कलम लावायचं, जामिनाला विरोध करायचा की नाही, हे सगळं त्याच्या ऑफिसच्या हातात. आपल्याकडे यातलं बरंच काम पोलिस करतात, चार्जशीट तेच दाखल करतात. म्हणजे तिकडच्या डीएची खुर्ची आपल्यापेक्षा कितीतरी मोठी.

आपण मतदान कशाकशाला करतो ते आठवा. ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना, झेडपी, विधानसभा, लोकसभा. सरपंच थेट जनतेतून असावा का, यावर आपल्याकडे २०१७, २०२० आणि २०२२ असे तीनदा नियम फिरले. गावातल्या पोलीस पाटलाची मात्र नेमणूकच होते. आणि ज्याच्या हातात तुमच्या घरातल्या खुनाची केस आहे, त्याला नेमताना तुम्हाला कुणी विचारत नाही, कळवतही नाही.

मग नेमतं कोण? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पद्धत अशी होती: जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून किमान ७ वर्षं वकिली झालेल्यांची यादी बनवायची, आणि सरकारने त्यातूनच नेमायचं. यामागचा विचार सरळ आहे. कुठला वकील अभ्यास करून येतो आणि कुठला नुसता ओरडतो, हे रोज समोर बसणाऱ्या न्यायाधीशाइतकं कुणाला माहीत असणार?

पण महाराष्ट्राने १९८१ साली आपल्यापुरती दुरुस्ती केली. "सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून" हे शब्द काढले आणि तिथं "राज्य शासनाच्या मान्यतेने" हे शब्द घातले. हायकोर्टाच्या सरकारी वकिलाबाबतही हायकोर्टाशी सल्लामसलतीची अट काढली. नेमणार सरकार, आणि ज्या यादीतून नेमायचं तिला मान्यता देणारही सरकारच. हे म्हणजे मीच पुल रिक्वेस्ट टाकायची आणि मीच अप्रूव्ह करायची. सरकार बदललं की जिल्हा सरकारी वकील बदलतो असं कोर्टाच्या आवारातला चहावालाही सांगतो, ते उगीच नाही. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १८ च्या मूळ मजकुरात न्यायाधीशांशी सल्लामसलत पुन्हा आहे. माझ्या मते या नव्या कायद्यातली ही सगळ्यात कमी चर्चा झालेली चांगली गोष्ट.

आणखी एक जुनी भानगड. पूर्वी खालच्या कोर्टात केस चालवायचे ते पोलीस प्रॉसिक्युटर, म्हणजे पोलिस खात्याचेच लोक. १९७३ च्या कायद्याने सांगितलं की अभियोग वेगळा पाहिजे. आपल्या राज्याने काय केलं? १९७४ मध्ये त्याच लोकांना सहायक सरकारी अभियोक्ता असं नाव दिलं आणि ठेवलं पोलिस खात्याच्याच हाताखाली. पाटी बदलली, साहेब तोच. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात कोर्टाने सांगितलं की यांना पोलिसांच्या ताब्यातून बाहेर काढा, वेगळं केडर करा, वेगळं संचालनालय करा. तपास करणारा आणि तपास तपासून बघणारा एकाच साहेबाला सलाम ठोकत असतील तर दुसरा पहिल्याची चूक काढणार कशी, एवढी साधी गोष्ट आहे. कोड लिहिणाऱ्यानेच टेस्टिंगची सही केली की प्रॉडक्शनमध्ये काय होतं, ते माझ्या लाइनीतल्या लोकांना विचारा.

संचालनालय झालं. ते आहे गृह विभागाखाली. पोलिस कुणाखाली? गृह विभागाखाली. नव्या संहितेचं कलम २० सुद्धा अभियोग संचालक गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली असेल असंच म्हणतं.

हे सगळं कागदावरचं वाटतंय ना? मग डिसेंबर २०२४ चा दुसरा आठवडा आठवा. मराठवाड्यातले शेजारशेजारचे दोन जिल्हे.

९ डिसेंबरला बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. अख्खा महाराष्ट्र हादरला, मोर्चे निघाले, तुमच्यापैकी कितीतरी जण त्यात चालले असतील. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मस्साजोगचे गावकरी आणि कुटुंबीय अन्नत्याग आंदोलनाला बसले. त्यांच्या मागण्यांमध्ये एक मागणी होती, या केसला उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील म्हणून नेमा. २५ फेब्रुवारीला आंदोलन सुरू झालं आणि २६ ला मुख्यमंत्र्यांनी नेमणूक जाहीर केली.

कोपर्डीच्या प्रकरणातही २०१६ साली हेच झालं होतं. निकमांची नेमणूक झाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा लागली. म्हणजे आपल्याकडे सरकारी वकील लोक निवडतच नाहीत असं नाही. लोक निवडतात, फक्त मतपेटीतून नाही. उपोषण करून, रस्त्यावर बसून, कॅमेरे गावात आणून. आणि जिथं कॅमेरा पोचत नाही तिथं व्हरांड्यातली पाच मिनिटं.

जाता जाता: निकम स्वतः २०२४ ची लोकसभा मुंबई उत्तर मध्यमधून भाजपकडून लढले, वर्षा गायकवाड यांच्याकडून हरले, त्यानंतर पुन्हा सरकारी वकील झाले तेव्हा विरोधकांनी हरकत घेतली, आणि जुलै २०२५ मध्ये ते राज्यसभेवर राष्ट्रपतीनियुक्त खासदार झाले. त्यांच्या वकिलीबद्दल मला काही म्हणायचं नाही, कसाबची केस चालवलेला माणूस आहे. पण एखाद्या केसमधला आरोपी दुसऱ्या पक्षाचा असेल तर त्याने काय समजायचं, हा प्रश्न रास्त आहे. उलट बाजूने तोच प्रश्न मस्साजोगच्या लोकांनाही विचारता येतो: तुम्हाला जिल्ह्याच्या नेहमीच्या व्यवस्थेवर भरवसा का नव्हता? उत्तर त्यांना माहीत आहे, आपल्यालाही.

आता आपला जिल्हा. १० डिसेंबरला परभणीत, रेल्वे स्टेशनजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी होता. ३५ वर्षांचा, वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेत असलेला. न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. सरकारने विधिमंडळात आजाराचा उल्लेख केला आणि मारहाण झाली नाही असं सांगितलं. संभाजीनगरच्या घाटीत झालेल्या शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असं कारण आलं. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हावीच लागते, तशी ती झाली, आणि त्या अहवालाने पोलिसांकडे बोट दाखवलं.

इथं थांबून विचार करा. अहवाल आला. पुढे काय? गुन्हा नोंदवायचा तर पोलिस ठाण्यात. आरोप कुणावर? पोलिसांवर. केस चालवणार कोण? सरकारी वकील. त्याला नेमलं कुणी? सरकारने. आणि सरकारचं म्हणणं तर विधिमंडळात आधीच मांडून झालेलं.

सोमनाथच्या आईला हायकोर्टात जावं लागलं. तिच्या बाजूने सरकारी वकील नव्हता, ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. दंडाधिकाऱ्याचा अहवाल आल्यावर पुढे नेमकं काय करायचं हे कायद्यात स्पष्ट नाही, हा मुद्दा त्यांनी मांडला. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. त्यावर राज्य सरकार काय करतं? सुप्रीम कोर्टात जातं, आदेशाविरुद्ध. ३० जुलैला सुप्रीम कोर्टाने सरकारची याचिका फेटाळली, मग गुन्हा नोंदवला गेला. मुलगा गेल्यापासून साडेसात महिन्यांनी. आरोप सिद्ध व्हायचे तेव्हा होतील, कोर्टाचं काम कोर्ट करेल. मी बोलतोय ते रचनेबद्दल. ज्या केसचं नाव "महाराष्ट्र शासन विरुद्ध" असं असणार, त्या केसचा गुन्हाच नोंदू नये म्हणून महाराष्ट्र शासन दिल्लीपर्यंत गेलं.

माझ्या काकांचा प्रश्न इथं फार मोठा होतो. आपला वकील कोणता हाय रे?

आता जिंतूरच्या मित्राचा प्रश्न पुन्हा घेऊ. अमेरिकेसारखं मतदान असतं तर?

शिकागोचं उदाहरण घेऊ. २० ऑक्टोबर २०१४ ला एका पोलिसाने लाक्वान मॅकडोनाल्ड नावाच्या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला १६ गोळ्या घातल्या. पोलिसांच्या गाडीच्या कॅमेऱ्यात ते रेकॉर्ड झालं होतं. तिथल्या निवडून आलेल्या सरकारी वकील होत्या अनिता अल्वारेझ. तेरा महिने त्यांनी खटला भरला नाही. कोर्टाने व्हिडिओ बाहेर काढायला लावला, आणि २४ नोव्हेंबर २०१५ ला, ज्या दिवशी तो लोकांनी पाहिला त्याच दिवशी, त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला. चार महिन्यांत, मार्च २०१६ मध्ये, पक्षांतर्गत निवडणुकीत लोकांनी अल्वारेझना पाडलं आणि किम फॉक्स यांना निवडलं. परभणीच्या आईला जे हत्यार नाही ते शिकागोच्या लोकांकडे होतं, आणि त्यांनी ते वापरलं.

एवढंच सांगून मी थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, चला, इथंही मतदान घ्या. पण त्या केसचं पुढे काय झालं ते ऐका. अल्वारेझ यांचं ऑफिस त्या खटल्यातून बाजूला झालं. कोर्टाने दुसऱ्या काउंटीतला सरकारी वकील विशेष अभियोक्ता म्हणून नेमला. त्याने केस चालवली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या पोलिसाला दोषी ठरवलं गेलं. म्हणजे मतदानाने खुर्चीवरच्या माणसाला धडा शिकवला, पण शिक्षा लागली ती कोर्टाने बाहेरून आणलेल्या वकिलामुळे. मला यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण निवडणुकीची दुसरी बाजूही आहे. मतं मागायची तर काय सांगणार? "मी एवढ्या जणांना आत टाकलं." अनेक वर्षं तिकडे हाच प्रचार चालला, आणि आज अमेरिकेच्या तुरुंगांत १८-१९ लाख माणसं आहेत. गेल्या दहा वर्षांत उलट्या दिशेनेही लोक निवडून आले. फिलाडेल्फियात लॅरी क्रास्नर २०१७ मध्ये आले आणि टिकले. सॅन फ्रान्सिस्कोत चेसा बुडीन २०१९ मध्ये आले, आणि जून २०२२ मध्ये लोकांनीच मतदान करून त्यांना मुदतीआधी परत पाठवलं. छोट्या काउंट्यांत तर बरेचदा एकच उमेदवार असतो, आपल्या सोसायटीच्या बिनविरोध निवडणुकीसारखा.

आणि आपल्याकडे हे आणलं तर? जरा डोळ्यांसमोर आणा. सरकारी वकिलाच्या प्रचाराला गाड्या कोण देणार, जेवणावळी कोण घालणार? ज्याच्यावर उद्या वाळूची केस होणार आहे तोच. जातीचं गणित कोण मांडणार? गावात चार घरं असलेल्या समाजातल्या माणसावर अन्याय झाला, तर चार घरांच्या मतांवर कुठला उमेदवार जिंकतो? परभणीच्या प्रकरणात तर हा प्रश्न अगदी समोर उभा आहे. म्हणून माझं मत मतदानाच्या विरोधात आहे. बहुमताला आवडेल तसं वागायचं नाही, हेच तर या खुर्चीचं काम.

मग माझी मागणी काय? जिल्हा सरकारी वकिलाच्या यादीत कोण होतं आणि न्यायाधीशांचं मत काय होतं, हे जिल्ह्याच्या वेबसाइटवर टाका. मी एका दुपारी बनवून देतो ते पेज, फुकट. अभियोग संचालनालय गृह विभागाकडून काढून दुसरीकडे न्या. आणि आरोपी पोलिस असेल, मृत्यू कोठडीत असेल, तर विशेष अभियोक्ता सरकारने नाही, हायकोर्टाने नेमावा, कुणी उपोषणाला बसायच्या आधी. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, हे तिसरं आधी व्हावं. देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तिघं कच्चे कैदी होते. म्हणजे शिक्षा न लागता आत असलेली माणसं. यातलं कुणाच्याही बाबतीत काय होऊ शकतं ते आपण आपल्या जिल्ह्यात पाहिलंय.

तोपर्यंत जे आहे ते वापरा. स्क्रीनशॉट काढून ठेवा, हा भाग कामाचा आहे. तुम्ही फिर्यादी किंवा पीडित असाल तर कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. तो साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय, पण साक्षीपुरावे संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो, आणि त्याआधी एखादा मुद्दा सुटला तर सरकारी वकिलाच्या कानावर घालू शकतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं नव्या संहितेत पोलिसांवर बंधनकारक आहे, मोबाइलवरून कळवलं तरी चालतं, तेव्हा नाही कळवलं तर लेखी मागा. आणि सरकारने केस मागे घ्यायचं ठरवलं तर कलम ३६० प्रमाणे पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. ही तरतूद जुन्या कायद्यात नव्हती. आमदार-खासदारांवरच्या केस मागे घ्यायला तर ऑगस्ट २०२१ पासून हायकोर्टाची परवानगी लागते.

काकांचं विचाराल तर, पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते सरकारी वकिलांना जाऊन भेटले. मीच सांगितलं होतं, दवाखान्याचे कागद घेऊन जा. वकिलांनी कागद बघितले आणि म्हणाले, हे आधी का नाही दाखवलं? काका म्हणाले, "साहेब, तुम्ही आमचे हायेत हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही." केस अजून चालू आहे. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे.